कोलारच्या काठी बघायला आहे काय?

नागपुरात अलीकडे सुट्टीच्या गप्पांत थायलंडमधल्या एका रस्त्याचे नाव वरचेवर निघते. ईशान्येकडच्या नोंग खाई शहरापासून मेकाँग नदीच्या कडेकडेने चियांग खानपर्यंत जाणारा हा रस्ता साधारण दोनशे किलोमीटरचा आहे. उजव्या हाताला नदी, नदीपलीकडे लाओसचे डोंगर, आणि घाई कसलीच नाही. बेत करणाऱ्यांच्या हिशेबातही काही चूक नाही. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय प्रवाशांना तिथे व्हिसामाफी मिळाली, वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात आणि गाडी चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याच आरटीओत मिळतो. ज्याला परवडते त्याने जरूर जावे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती या बेताला हटकून जोडल्या जाणाऱ्या एका वाक्याबद्दल: ‘आपल्याकडे नदीकाठी बघायला आहे काय?’ हे वाक्य कोराडीत उच्चारले की जास्तच पटते, कारण डोक्यावर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात आणि जवळून वाहणारी कोलार कोणाच्या खिजगणतीतही नसते. वरवर ही निव्वळ आवडीनिवडीची गोष्ट वाटते. प्रत्यक्षात त्या वाक्यात एक निकाल दडलेला आहे, आणि तो चुकीचा तर आहेच, शिवाय महागात पडणारा आहे.

आधी मेकाँगकाठच्या रस्त्यावर माणसाला नेमके काय मिळते ते पाहू. पाण्याचे सौंदर्य म्हणावे, तर मेकाँग वर्षातला बराच काळ गढूळ तपकिरी असते. पलीकडचे डोंगर देखणे आहेत हे मान्य, पण डोंगर पाहायला कोणी दोन दिवस नदीच्या कडेने रेंगाळत नाही. तिथला निवांतपणा येतो तो गावांच्या ठेवणीतून. सी चियांग माय, संखोम, पाक चोम ही गावे नदीकडे तोंड करून बसली आहेत. चियांग खानमध्ये नदीला समांतर जाणारी जुन्या लाकडी घरांची एक गल्ली आहे, आणि त्या घरांतच कुटुंबांनी चार-सहा खोल्यांची मुक्कामाची सोय केली आहे. संध्याकाळी गल्लीत बाजार भरतो. पहाटे भिक्खू भिक्षेला निघतात आणि घरमालकिणीबरोबर पाहुणाही चिकट भाताची मूठ घेऊन दारात बसतो. नदीपर्यंत पायऱ्या आहेत, बसायला सावली आहे, स्वच्छतागृह आहे, वाफाळते काहीतरी खायला आहे. या गावाचे नाव आधी झाले ते सुट्टीला बँकॉकहून येणाऱ्या थाई लोकांमुळे, परदेशी पाहुणे मागाहून आले. संखोमजवळच्या डोंगरावर मठाशेजारी काचेचा स्कायवॉक झाला तोही, नदीकाठचे जगणे आधीपासून चालू होते म्हणून. थायलंडने इथे निसर्ग निर्माण केलेला नाही. नदीकाठी जे चालले होते त्यात पाहुण्याला बसायला जागा करून दिली, एवढेच.

‘पण त्यांच्या नद्या स्वच्छ असतात’ असे यावर कोणी म्हणेल. असतात का? लाओसमध्ये मेकाँगच्या मुख्य प्रवाहावर १,२८५ मेगावॅटचे सायाबुरी धरण उभे राहिले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याची वीज सुरू झाली. त्यातली बहुतेक वीज विकत घेणारा ग्राहक खुद्द थायलंडच आहे. त्याच वर्षी धरणाच्या खालच्या अंगाला पाणी अवेळी ओसरले, आणि वर्षाअखेरीस गाळ मागेच अडकल्याने नदी चक्क निळी दिसू लागली. पर्यटकांनी फोटो काढले, कोळ्यांनी कपाळाला हात लावला. उत्तरेकडे कोक नदीत २०२५ मध्ये आर्सेनिकचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले, त्याचा माग सीमेपलीकडच्या म्यानमारमधल्या खाणींपर्यंत लागला आणि काठच्या लोकांना पाण्यात न उतरण्याचा इशारा द्यावा लागला. म्हणजे विजेपायी नदी पणाला लावणे ही काही कोराडीची खासियत नाही. फरक असेल तर तो नदीचे काही बिघडले की पहिल्याच आठवड्यात कोणाच्या लक्षात येते, यात आहे.

आता कोराडीचा नकाशा उघडू. पश्चिमेकडून सावनेर, पाटणसावंगी, खापरखेड्याच्या बाजूने येणारी कोलार, छिंदवाड्याच्या सातपुड्यातून उतरणारी कन्हान आणि उत्तरेच्या जंगलातून येणारी पेंच या तीन नद्यांचे पाणी कोराडीपासून हाकेच्या अंतरावर, बिना संगमाजवळ एकत्र येते. मेकाँगकाठी दोनशे किलोमीटरच्या वाटेवर जितके थांबे मिळतात, तितके इथे शंभरच्या आतच आहेत. कन्हानच्या काठावर वाकी आहे. ताजुद्दीन बाबांचा मुक्काम इथे होता, म्हणून हिंदू-मुसलमान दोघेही इथे येतात. कोलारला मिळणाऱ्या चंद्रभागेच्या काठी धापेवाडा आहे, कोलबास्वामींचे आणि विठ्ठलाचे. विदर्भाचे पंढरपूर म्हणून आषाढात तिथे दिंड्या येतात. जवळच अदाशाचा गणपती. उत्तरेकडे वळले की पारशिवनी, नवेगाव खैरीचे धरण, त्याच्या जलाशयाकाठी गोंड समाजाचे श्रद्धास्थान असलेले कुवारा भिवसेन आणि पुढे पेंच व्याघ्र प्रकल्पाचे कोलितमारा. रात्री आकाश पाहायचे असेल तर पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली आहे. दक्षिणेकडे नदीबरोबर उतरले तर १८२१ मध्ये कन्हानच्या काठावर वसवलेली कामठीची छावणी लागते, पुढे मौदा, आणि शेवटी अंभोरा. इथे कन्हान वैनगंगेला मिळते, टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथेच लिहिला असे विदर्भातले कितीतरी अभ्यासक मानतात. आंबेजोगाईकरांना ते मान्य नाही, तो वाद चालू राहू द्या. मराठीच्या आद्य ग्रंथांपैकी एकासाठी भांडायला आपल्याला एक संगम आहे, हेही थोडे नव्हे. उन्हाळ्याच्या तोंडावर पात्रातल्या वाळूत ढिवर-भोई कुटुंबांच्या डांगरवाड्या लागतात. टरबूज आणि काकडी तिथेच कापून खायची असते. आणि देवळाच्या आवारात, आंब्याखाली गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजून वांग्याच्या भाजीबरोबर पंगत उठवण्याची रीत तर वैदर्भीय माणसाला शिकवायलाच नको. कार्तिकातले आवळीभोजन हा आपल्या आजीचा वीकेंडच होता.

मग ‘बघायला आहे काय’ हा प्रश्न येतो कुठून? माझ्या मते तो आपल्या सहलीच्या सवयीतून येतो. आपण ठिकाणे जोडतो, वाट जोडत नाही. देऊळ, धरण, सफारीचे गेट, वॉटर पार्क अशा बिंदूंवर आपला रविवार बेतलेला असतो आणि मधला रस्ता लवकर संपावा एवढीच अपेक्षा असते. सरकारी पैसाही त्याच बिंदूंवर ओतला जातो. कोराडीचेच पाहा. महालक्ष्मी जगदंबेच्या देवस्थानाचा परिसर भव्य झाला, ५ जुलै २०२३ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते इथल्या रामायण सांस्कृतिक केंद्राचे उद्घाटन झाले, बैतुलकडे जाणारा महामार्ग प्रशस्त झाला. हे व्हायला नको होते असे माझे म्हणणे नाही. पण या सगळ्या खटाटोपात कोलार कुठे आहे? देवीच्या दर्शनाला आलेल्या माणसाला, इथून काही किलोमीटरवर तीन नद्या भेटतात हे कोण सांगते? खापरखेड्याकडून बिन्याला जाताना नदीपर्यंत पायी उतरण्याची वाट, झाडाखालचा पार, पाण्याचा नळ, बायकांसाठी स्वच्छतागृह यांतले काय नेमाने मिळेल? अंभोऱ्याला वैनगंगेवर केबल-स्टेड पूल झाला, २०२४ मध्ये तो खुला झाला, त्यावर उंचावरून नदी पाहण्यासाठी गॅलरीही आहे. पूल खरोखर देखणा आहे. मात्र नदी पाहायची तर ती चाळीस मीटर उंचीवरून, असा काहीतरी आपला समज झालेला दिसतो.

आता सगळ्यात वजनदार आक्षेपाकडे येतो. तो असा, की कोलार-कन्हानच्या काठी लोकांना बोलावणे हाच बेजबाबदारपणा आहे, कारण या नद्यांत राख आहे. आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे. कोराडी आणि खापरखेडा ही दोन वीज केंद्रे मिळून तीन हजार मेगावॅटहून अधिक क्षमतेची आहेत. त्यांची राख पाण्यात कालवून नळांवाटे खसाळा, वारेगाव, नांदगावच्या बंधाऱ्यांत सोडली जात आली. मंथन अध्ययन केंद्र, असर आणि नागपूरच्या सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या संस्थांनी २०२१ मध्ये परिसरातल्या पाण्याचे नमुने तपासून अहवाल काढला, त्यात पारा आणि आर्सेनिकसारखे घटक मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याची नोंद आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी नांदगावात राख टाकणे थांबवण्याचे आदेश दिले. पाच महिन्यांनी, जुलैच्या पावसात, खसाळ्याचा बंधारा फुटला. राखेचा लोंढा कोलारमध्ये आणि तिथून कन्हानमध्ये गेला, आणि कन्हानवरून पाणी घेणाऱ्या नागपूरकरांचा पाणीपुरवठाच धोक्यात आला. हे सगळे माहीत असताना नदीकाठच्या निवांत सहलीची भाषा करायची म्हणजे शुद्ध थट्टा, असे कोणाला वाटले तर मी समजू शकतो.

तरीही या आक्षेपाचा निष्कर्ष मला उलटा वाटतो. ‘नदीत राख आहे म्हणून तिथे जाऊ नका’ हा सल्ला पाण्यात उतरण्यापुरता शंभर टक्के बरोबर आहे. पण काठावर न जाण्याबद्दल तो दिला की त्याचा फायदा फक्त राख सोडणाऱ्याला होतो. बंधारे एका रात्रीत भरत नाहीत. भिंतीला पाझर लागतो, नाल्याचे पाणी करडे होते, काठच्या शेतावर पांढुरका थर बसतो, मासे मिळेनासे होतात. ही लक्षणे आधी दिसतात ती ढिवराला, गुराख्याला, शेतकऱ्याला. त्यांनी सांगितलेही, वर्षानुवर्षे सांगितले. त्यांचे कोणी ऐकले नाही, कारण शहराच्या नकाशावर ती नदीच नव्हती. नागपूरच्या दृष्टीने कोलार म्हणजे पुलावरून तीन सेकंदांत मागे पडणारे काहीतरी. ज्या जागेशी आपला कसलाच आनंद जोडलेला नाही ती जागा टाकाऊ ठरवणे सोपे असते. फुटाळ्यावर उद्या राखेचा तवंग दिसला तर संध्याकाळपर्यंत शहर रस्त्यावर येईल, कारण तिथे हजारो लोकांची रोजची संध्याकाळ जाते. वारेगावच्या पुलाखाली तोच तवंग महिनोन्महिने राहू शकतो. म्हणून ‘बघायला आहे काय’ हे वाक्य निरुपद्रवी नाही. पर्यावरण मंजुरीच्या कागदांत नदीला जे स्थान मिळते, त्याचीच ही बोलीभाषेतली आवृत्ती आहे. कोराडीत ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावावर २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. अशा सुनावणीत रोजगार बोलतो, वीज बोलते, दम्याचा विकारही बोलतो. नदीच्या वतीने उभे राहायला मात्र तिथे रविवार घालवणारा कोणीतरी असावा लागतो.

याला मेकाँगकाठचाच पुरावा आहे, आणि मेकाँगचे गोडवे गाणाऱ्यांनी तो सहसा सांगितलेला नसतो. चियांग खानच्या बराच वरच्या अंगाला, चियांग राय प्रांतात, चियांग खोंग नावाचे दुसरे गाव आहे. तिथे मोठी जहाजे जावीत म्हणून मेकाँगमधले खडक सुरुंगाने उडवण्याची चीनप्रणीत योजना होती. त्या खडकांच्या कपारींत मासे अंडी घालतात हे काठच्या लोकांना ठाऊक होते. ‘रक चियांग खोंग’ या गटाने शिक्षक निवात रॉयकाऊ यांच्या पुढाकाराने वर्षानुवर्षे विरोध केला, गावकऱ्यांच्या माहितीवर आधारलेले नदीचे संशोधन उभे केले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये थाई मंत्रिमंडळाने योजना रद्द केली. रॉयकाऊ यांना २०२२ चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. हा दाखला फार ताणू नये हेही खरे. सायाबुरीच्या वीजखरेदीविरुद्ध मेकाँगकाठच्या आठ थाई प्रांतांतल्या गावकऱ्यांनी २०१२ मध्ये घातलेला दावा दहा वर्षांनी फेटाळला गेला. काठावर राहून, नदीवर जीव लावून प्रत्येक लढाई जिंकता येत नाही. पण ज्या नदीकडे सगळ्यांनीच पाठ फिरवली आहे तिच्यासाठी दावा दाखल तरी कोण करणार?

विजेचा आणि रोजगाराचा आक्षेप मला त्या मानाने हलका वाटतो. कोराडीचा पहिला संच १९७४ चा. तेव्हापासून महाराष्ट्राचे दिवे या गावाच्या जिवावर लागत आले, आणि त्याची जाणीव ठेवून बोलायला हवे. पण नदी आणि वीज यांतले एकच काय ते निवडा, अशी सक्ती कोणी केली? नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या केंद्राला पुरवले जाते, दिवसाला १३० दशलक्ष लिटरच्या घरातला हा करार देशभर नावाजला गेला. ताजे पाणी वाचवून केंद्र चालवता येते हे याच केंद्राने दाखवून दिले आहे. राखेच्या बाबतीतही कायदा मुका नाही: ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने वीज केंद्रांवर राखेच्या शंभर टक्के वापराची जबाबदारी टाकली. सिमेंट, विटा, रस्त्यांचा भराव, खाणींतले खड्डे, राखेला वाटा आहेत. नियम आहे, तंत्र आहे. नदीकाठी गर्दीची नजर असेल तर नियमाचा कागद जरा लवकर हलतो, इतकाच माझा दावा आहे.

बुडून मरण्याच्या घटनांचा आक्षेप मात्र हलका नाही. वाकीजवळच्या कन्हानमध्ये तरुण मुले बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. एखादी जागा धोक्याची ठरली की आपल्याकडचा उपाय म्हणजे एक पत्र्याची पाटी आणि बंदीचा आदेश. पण मुले बुडतात कशाने? नदीचा स्वभाव हे एक कारण. दुसरे, बेसुमार वाळूउपसा. गुडघाभर पाण्यात दोन पावले पुढे टाकली की पुरुषभर खोल खड्डा, असे पात्र निसर्ग क्वचितच बनवतो. आणि तिसरे कारण म्हणजे तिथे कोणीच नसते. जिथे कुटुंबे येतात, चहाची टपरी चालते, नाव वल्हवणारा भोई दिवसभर हजर असतो, तिथे चौघांचे टोळके दारूच्या बाटल्या घेऊन खोल पाण्यात उतरायला कचरते, आणि उतरलेच तर हाक ऐकायला कोणीतरी असते. बायकांच्या सुरक्षिततेलाही हेच लागू आहे. निर्मनुष्य काठ सुरक्षित करता येत नाही, वर्दळीचा काठ करता येतो. काठच्या गावातल्याच पोहणाऱ्या तरुणांना जीवरक्षक म्हणून पगारावर ठेवायला स्कायवॉकइतका खर्च येत नाही, हे सांगायला कोणा सल्लागाराची गरज नसावी.

ऊन आणि आटलेले पात्र यांबद्दल थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये विदर्भात नदीकाठी फिरण्याचा बेत करणाऱ्याला नवतपाच समजावील. इथला हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फार तर डांगरांच्या दिवसांपर्यंत. मेकाँगकाठीही लोक थंडीतच गर्दी करतात. पाण्याचे म्हणाल तर पेंचचे पाणी तोतलाडोह आणि नवेगाव खैरीला अडते, वर मध्य प्रदेशात चौराईचे धरण झाल्यापासून येवाही घटला. खालच्या कन्हानला पावसाळ्यानंतर जे मिळते ते उरलेसुरले. हा अन्याय दूर व्हायला हवा, पण रोडावलेली नदी ही पाहण्यालायक नसते हे कोणी ठरवले? वाळूचे पात्र, त्यातली एक निळी धार आणि धारेकाठी टिटव्या, हेच आपल्या बहुतेक नद्यांचे हिवाळ्यातले रूप आहे.

दुसऱ्या टोकाचा एक आक्षेप पर्यावरणवादी मित्रांकडून येतो: लोक आले की प्लास्टिक येते, डीजे येतो, रिसॉर्ट येते आणि काठाची जमीन गावाच्या हातून जाते. चियांग खानमध्येही जुन्या घरांची दुकाने झाली आणि मूळ कुटुंबांपैकी काहींनी घरे भाड्याने देऊन मागे सरकणे पसंत केले. ही भीती मला रास्त वाटते, म्हणूनच ‘रिव्हरफ्रंट’ या शब्दापासून मी चार हात लांब आहे. पुण्यात मुळा-मुठेच्या काठी त्या नावाखाली जे चालले आहे त्यावरचे आक्षेप वाचले की नदीला काँक्रीटच्या भिंतींत उभे करणे म्हणजे तिच्याकडे वळणे नव्हे हे कळते. पूररेषेच्या आत बांधकाम नको, ही अट इथे पहिली असायला हवी. आणि नमुना हवाच असेल तर तो परदेशातून आणण्याचीही गरज नाही. मराठी माणूस पिढ्यानपिढ्या नर्मदेची परिक्रमा करतो. जगन्नाथ कुंट्यांच्या ‘नर्मदे हर हर’नंतर तर शहरी नोकरदारही मोठ्या संख्येने तिकडे वळले. हजारो किलोमीटरची ती वाट कोणत्याही पर्यटन महामंडळाने आखलेली नाही. ती चालते कारण काठच्या गावांत परिक्रमावासीला सदाव्रत मिळते, पडवीत पथारी मिळते आणि पुढची वाट कोणती हे सांगणारे माणूस मिळते. चियांग खानच्या लाकडी घरांनी जे केले ते याहून वेगळे नाही, फक्त तिथे खोलीचे पैसे घेतात. महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून कागदावर आहे, पर्यटन विकास महामंडळाची घरगुती ‘न्याहारी व निवास’ योजना त्याहून जुनी आहे. या योजना कोकणाला ठाऊक आहेत. बिना, वाकी, पारशिवनीतल्या शेतकऱ्यापर्यंत त्या पोचवायला तालुक्याच्या पातळीवर एक उत्साही अधिकारी पुरे.

‘हे सगळे होईल तेव्हा होईल, येत्या शनिवारी आम्ही करायचे काय?’ हा शेवटचा प्रश्न उरतो, आणि तोच सर्वांत न्याय्य आहे. थंडीतला शनिवार धरा. सकाळी कोराडीला देवीचे दर्शन घेऊन महामार्ग सोडा आणि खापरखेड्याच्या बाजूने बिना संगम गाठा. पाण्यात उतरायचे नाही, काठाने चालायचे, पाणी कसे दिसते ते नीट पाहायचे. करडे दिसले तर ठिकाण आणि वेळ टाकून फोटो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयाला पाठवायचा. हा सहलीचाच भाग समजावा, त्याला पाच मिनिटे लागतात. दुपारी वाकी. तिथून पारशिवनीचा रस्ता धरून संध्याकाळी नवेगाव खैरी. मुक्कामाची सोय पेंचच्या आसपास आधी ठरवून ठेवा, कारण चियांग खानसारखी दारोदार खोली विचारण्याची चैन इथे अजून नाही. रविवारी कुवारा भिवसेनला थोडा वेळ बसा. गोंड समाजाचे हे ठाणे आहे, तिथे गाण्यांचा दणदणाट नको. वन विभागाची नौका सुरू असेल तर कोलितमाऱ्याला जा, परतताना वेळ उरला तर कामठीच्या जुन्या पुलापाशी उतरा. रोडग्यांचे सामान गाडीत असले तर उत्तम, राख विझवून आणि कचरा पिशवीत भरून परत आणायचा. वाटेत ग्रामपंचायत लागेल तिथे दोन प्रश्न विचारा: नदीवर जायची पायवाट कुठली, आणि बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का. एका गाडीने विचारले तर सरपंच हसतील. दर रविवारी वीस गाड्यांनी विचारले, तर ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत नदी हा विषय घ्यावा लागेल.